फिलाडेल्फियाशी निगडित नामवंत व्यक्ती

फिलाडेल्फिया हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील, डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांमध्ये वसवलेले शहर. स्थापना १६८२. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये आणि राज्यघटनेचा मसुदा १७८७ मध्ये येथे एकाच इमारतीत तयार झाला. १७९० ते १८०० या काळात हे शहर देशाची राजधानीही होते. त्यामुळे येथील नामवंतांची यादी करायला बसले, की जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपासून सुरुवात होते आणि यादी संपत नाही. ही नोंद तशी यादी नाही. ज्यांनी शहराला घडवले आणि ज्यांच्याशी शहर कसे वागले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, अशा निवडक लोकांची ही ओळख आहे. त्यांतले बरेचसे मूळचे फिलाडेल्फियाचे नव्हतेच. कोणी बॉस्टनहून आले, कोणी बोर्दोहून, कोणी एस्टोनियातून आणि एक तर थेट कल्याणहून.

विल्यम पेन (१६४४–१७१८)

शहराचा संस्थापक. त्याचे वडील इंग्लंडच्या आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते आणि राजा दुसरा चार्ल्स त्यांचे सुमारे १६,००० पौंड देणे लागत होता. ते कर्ज रोख फेडण्याऐवजी राजाने १६८१ मध्ये मुलाच्या नावे अमेरिकेतला अफाट प्रदेश लिहून दिला. पेन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता. या पंथाला इंग्लंडात छळ सोसावा लागत असे, आणि पेन स्वतः त्यापायी तुरुंगात जाऊन आला होता. म्हणून आपल्या वसाहतीत धर्माच्या कारणावरून कोणाला त्रास द्यायचा नाही, हे त्याने आधीच ठरवून टाकले. लंडनची १६६६ची आग त्याच्या लक्षात होती. नव्या शहरात रस्ते सरळ आणि रुंद, घरांभोवती मोकळी जागा आणि पाच चौक अशी आखणी त्याने थॉमस होम या मोजणीदाराकडून करून घेतली. मध्य फिलाडेल्फियाचा नकाशा आजही मुख्यतः तोच आहे.

पेनचे गोडवे गाताना दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. एक म्हणजे सहिष्णुतेचा हा पुरस्कर्ता गुलाम बाळगत होता. दुसरी म्हणजे आपल्या या शहरात तो फार राहिलाच नाही. १६८२ ते १६८४ आणि १६९९ ते १७०१ अशा दोन मुक्कामांत मिळून जेमतेम चार वर्षे. उतारवयात इंग्लंडात कर्जापायी त्याला पुन्हा कैद भोगावी लागली. स्थानिक लेनापे लोकांशी त्याने सचोटीने व्यवहार केला, असे इतिहासकार बव्हंशी मानतात. मुलांनी मात्र ती अब्रू घालवली. दीड दिवसात माणूस चालून जाईल तेवढी जमीन, असा एक जुना करार पुढे करून १७३७ मध्ये त्यांनी आधी वाट साफ करून घेतली आणि तीन तगडे धावपटू भाड्याने लावले. दोघे वाटेतच गळाले. तिसरा शेवटपर्यंत गेला आणि लेनापेंच्या हातून सुमारे ३,००० चौरस किलोमीटर प्रदेश गेला.

महापालिकेच्या इमारतीच्या टोकावर पेनचा ११ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. त्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत शहरात बांधायची नाही, असा अलिखित संकेत १९८७ पर्यंत पाळला गेला. तो मोडल्यावर शहरातला एकही मोठा व्यावसायिक संघ विजेतेपद मिळवेना, तेव्हा क्रीडाप्रेमींनी त्याला पेनचा शाप ठरवले. २००७ मध्ये शहरातल्या तेव्हाच्या सर्वांत उंच इमारतीच्या शेवटच्या तुळईवर पेनची छोटीशी मूर्ती बसवण्यात आली. पुढच्याच वर्षी शहराचा बेसबॉल संघ विजेता ठरला! व्यवहारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात ही गोष्ट अजूनही पुरेशा गांभीर्याने सांगितली जाते.

बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०)

पेनने शहर आखले, पण ते चालते केले फ्रँकलिनने. बॉस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना भावाशी पटेना, म्हणून तो पळाला आणि १७२३ मध्ये सतराव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरला. छापखाना, वर्तमानपत्र आणि पंचांगवजा वार्षिक पुस्तिका यांवर त्याने पैसा केला आणि बेचाळिसाव्या वर्षी धंद्यातून अंग काढून घेतले. विजेचे प्रयोग, राजदूतपद, जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्हींवरची सही या गोष्टी सर्वज्ञात आहेत. शहरापुरते पाहिले तर त्याची खरी करामत संस्था काढण्याची. वर्गणी काढून चालवलेले ग्रंथालय (१७३१), स्वयंसेवी अग्निशमन दल (१७३६), विद्वत्सभा (१७४३) आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ झालेली शाळा, या सगळ्यांच्या मुळाशी तो होता.

यातली रुग्णालयाची हकीकत मुळातून समजून घ्यावी अशी आहे. डॉ. थॉमस बाँड यांना गरिबांसाठी रुग्णालय काढायचे होते, पण वर्गणी जमेना. प्रांतिक विधिमंडळातल्या खेड्यापाड्यांच्या प्रतिनिधींना वाटे, की याचा फायदा शहरवाल्यांनाच होणार. फ्रँकलिनने विधेयकात एक अट घातली. नागरिकांनी आधी २,००० पौंड जमवले, तरच सरकारने तितकेच द्यायचे. एवढी रक्कम जमणार नाही अशी खात्री असल्याने विरोधकांनी हो म्हणून औदार्याचे श्रेय फुकटात घेतले. इकडे आपल्या रुपयाचे दोन होणार म्हटल्यावर लोकांनी हात सैल सोडला आणि रक्कम जमली. १७५१ मध्ये स्थापन झालेले ते पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आजही चालू आहे. आपल्या कोणत्याही राजकीय डावपेचाने इतका आनंद दिला नाही, असे फ्रँकलिनने आत्मचरित्रात नोंदवले आहे.

त्याच्याही घरात गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. म्हातारपणी त्याचे मत पालटले. १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि मृत्यूच्या दोन-अडीच महिने आधी गुलामगिरी बंद करण्याच्या मागणीच्या अर्जावर सही करून त्याने तो काँग्रेसकडे (अमेरिकी संसदेकडे) धाडला. मृत्युपत्रात त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. ही रक्कम होतकरू कारागिरांना व्याजाने द्यावी आणि पूर्ण वाटप दोनशे वर्षांनी करावे, असे त्याचे म्हणणे होते. १९९० मध्ये हिशेब झाला तेव्हा फिलाडेल्फियाच्या वाट्याची रक्कम वीस लाख डॉलरांच्या पुढे गेली होती. बॉस्टनची त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर लोक एक-एक पेनीची नाणी टाकतात. काटकसरीचा उपदेश जन्मभर करणाऱ्याला ही प्रथा कितपत रुचली असती, हा प्रश्नच आहे.

पीतज्वराचे वर्ष आणि त्यातली माणसे

१७९३ च्या उन्हाळ्यात शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे ५०,००० वस्तीपैकी जवळपास ५,००० माणसे दगावली. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आणि त्यांचे सरकार शहराबाहेर गेले, पैसेवालेही गेले. डासांमुळे हा ताप पसरतो, हे कळायला अजून शतक जायचे होते. जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश जागेवरून हलले नाहीत. रोज असंख्य रुग्ण तपासत राहिले, हे त्यांच्या धैर्याचे. मात्र त्यांचा भर रुग्णाचे रक्त काढण्यावर आणि जालीम जुलाबांवर होता, आणि त्याने किती जण वाचण्याऐवजी गेले हा वाद तेव्हाच पेटला.

कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, अशी रश यांची समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. त्यांच्या विनंतीवरून रिचर्ड ॲलन (१७६०–१८३१) आणि ॲब्सलम जोन्स (१७४६–१८१८) यांनी आपल्या समाजातल्या लोकांना शुश्रूषेच्या आणि प्रेते उचलण्याच्या कामाला लावले. दोघेही जन्माने गुलाम होते. ॲलनने स्वतःची सुटका पैसे भरून करून घेतली होती, तर जोन्सला त्याच्या मालकाने मुक्त केले होते. साथ ओसरल्यावर प्रकाशक मॅथ्यू कॅरी याने पुस्तिका काढून, काळ्या शुश्रूषकांनी अवाच्या सवा पैसे उकळले आणि चोऱ्या केल्या, असा आरोप केला. ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये छापील उत्तर दिले. त्यात जमाखर्च मांडला होता. किती पैसे आले, शवपेट्यांवर किती गेले, मजुरांना किती दिले आणि पदरचे किती घातले, हे सगळे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी छापून काढलेल्या सर्वांत जुन्या जाहीर प्रतिवादांत त्याची गणना होते.

ॲलनचे खरे काम पुढेच होते. साथीच्या आधीच सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना काळ्या भाविकांना गुडघ्यावरून उठवून मागे बसायला सांगण्यात आले, तेव्हा हे दोघे आपल्या माणसांसह बाहेर पडले. जोन्स पुढे एपिस्कोपल पंथाचा पहिला कृष्णवर्णीय धर्मगुरू झाला. ॲलनने १७९४ मध्ये ‘मदर बेथेल’ हे चर्च उघडले आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन केला. ती जमीन आजतागायत त्या समाजाच्याच मालकीची आहे.

याच साथीत स्टीव्हन जिरार्ड (१७५०–१८३१) या बोर्दोहून आलेल्या, एका डोळ्याने अधू असलेल्या व्यापाऱ्याने बुश हिल येथील रुग्णालय स्वतः उभे राहून चालवले. पुढे तो अमेरिकेतला बहुधा सर्वांत श्रीमंत माणूस झाला. त्याने संपत्ती ठेवली ती गरीब अनाथ मुलांच्या शाळेसाठी, पण ‘गोऱ्या’ मुलांच्या. ही अट काढून टाकायला १९६८ साल उजाडावे लागले. तोवर शाळेच्या तीन मीटर उंच भिंतीबाहेर कित्येक महिने निदर्शने झाली होती.

स्वातंत्र्याच्या शहरातली गुलामगिरी

पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला, तर तो मोकळा होण्याची तरतूद त्यात होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन मुदत भरत आली, की आपल्या गुलामांना काही दिवस राज्याबाहेर पाठवत. त्यांच्यापैकी ओना जज ही तरुणी १७९६ मध्ये घरचे जेवण चालू असताना निघून गेली आणि वॉशिंग्टन यांनी बरेच प्रयत्न करूनही शेवटपर्यंत हाती लागली नाही.

शिडे शिवण्याचा कारखाना चालवून धनवान झालेला जेम्स फॉर्टन, क्वेकर उपदेशिका ल्युक्रेशिया मॉट आणि दक्षिणेतून पळून आलेल्यांना लपवून पुढे पोचवणारा विल्यम स्टिल ही गुलामगिरीविरोधी चळवळीतली ठळक नावे. स्टिल आलेल्या प्रत्येकाची हकीकत लिहून ठेवत असे, पुढेमागे ताटातूट झालेल्यांना एकमेकांचा माग लागावा म्हणून. एकदा समोर बसलेला अनोळखी माणूस आईबापांची नावे सांगू लागला, तेव्हा हा आपलाच लहानपणी मागे राहिलेला भाऊ आहे, हे त्याच्या लक्षात आले. ही टिपणे १८७२ मध्ये ग्रंथरूपाने आली.

याच शहरात १८३८ मध्ये गुलामगिरीविरोधी सभांसाठी बांधलेले पेनसिल्व्हेनिया हॉल उद्घाटनानंतर तीनच दिवसांत जमावाने जाळले. शिक्षक, क्रिकेट-बेसबॉलपटू आणि ट्रामगाड्यांतला वर्णभेद मोडून काढणारा ऑक्टेव्हियस कॅटो याला १८७१ मध्ये मतदानाच्या दिवशी भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. तो ३२ वर्षांचा होता. आरोपी निर्दोष सुटला. कॅटोचा पुतळा पालिकेच्या आवारात उभा राहिला तो २०१७ मध्ये.

बेट्सी रॉस हिने पहिला राष्ट्रध्वज शिवला, ही कथा मात्र जपून घ्यावी. ती ध्वज शिवत असे याला कागदोपत्री आधार आहे. पहिला ध्वज तिचाच, हे तिच्या नातवाने १८७० मध्ये प्रथम सांगितले.

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) आणि स्त्री-वैद्यक महाविद्यालय

मराठी वाचकाला फिलाडेल्फिया हे नाव बहुधा आनंदीबाईंमुळेच माहीत असते. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी १८५० मध्ये या शहरात निघालेले महाविद्यालय जगातल्या अशा पहिल्या संस्थांपैकी एक. त्यामागे बरेचसे क्वेकर होते. सुरुवातीला शहरातल्या डॉक्टरांनी त्याला वाळीत टाकले होते, आणि १८६९ मध्ये या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलातल्या वर्गाला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुल्लड करून त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले होते.

कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचे नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. उपचार मिळाले असते तर तो जगला असता, हे शल्य घेऊन त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी पत्रव्यवहार जुळला. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर (सेरामपूर) येथे जाहीर भाषण करून आपण का जात आहोत हे त्यांनी समाजाला सांगितले, आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून पतीशिवाय बोटीने निघाल्या. महाविद्यालयाला लिहिलेल्या प्रवेशाच्या पत्रातला त्यांचा युक्तिवाद सडेतोड आहे. इष्टमित्र आणि जात यांचा एकवटलेला विरोध पत्करून मला येथवर आणणारा निश्चय, माझ्यातली बाकीची कमतरता भरून काढायला पुरेसा आहे.

अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिलाच, शिष्यवृत्तीचीही सोय केली. बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. थंडी, परक्या देशातले शाकाहारी जेवण आणि नाजूक प्रकृती या साऱ्यातून आनंदीबाईंनी तीन वर्षे काढली. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्या साडीत आहेत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली त्यांच्या देशी पोशाखात. तिघींनी याच महाविद्यालयातून पदवी घेतली. ज्या काळात बहुतेक पाश्चात्त्य महाविद्यालये आपल्याच देशातल्या मुलींना आत घेत नव्हती, त्या काळातले हे छायाचित्र आहे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाई त्यासाठी लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात (आजचे सीपीआर) स्त्री-विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ करण्यात आली. पण परतल्या त्या क्षयाने पोखरूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आहेत, फिलाडेल्फियात नव्हेत. अनेक लेखांत यात गल्लत होते.

रमाबाई मात्र राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियातच छापले गेले. प्रस्तावना बॉडलींची, अर्पण आनंदीबाईंच्या स्मृतीला. या पुस्तकाच्या विक्रीतून आणि अमेरिकेतल्या व्याख्यानांतून उभ्या राहिलेल्या पैशावर मुंबईत शारदा सदन निघाले. उघडण्याची तारीख ११ मार्च १८८९, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे झाली तो दिवस. पुढे गुरुबाई करमरकर यांनी १८९२ मध्ये याच महाविद्यालयाची पदवी घेतली आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात दीर्घकाळ काम केले. मराठीत त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. आनंदीबाईंना जे करता आले नाही, ते रोजच्या रोज रुग्ण तपासण्याचे काम त्यांनी केले, एवढ्यासाठी तरी ते घ्यायला हवे.

चित्रकार, गायिका, वास्तुकार

टॉमस एकिन्स (१८४४–१९१६) याने १८७५ मध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. ग्रॉस यांचे भव्य चित्र काढले. अंगात काळा कोट, हातातल्या शस्त्राला आणि बोटांना रक्त, कोपऱ्यात तोंड झाकून घेणारी बाई. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दी प्रदर्शनाच्या कलाविभागाने ते नाकारले, तेव्हा ते लष्करी दवाखान्याच्या दालनात खाटांशेजारी टांगले गेले. पुढे एका वैद्यक महाविद्यालयासाठी ते २०० डॉलरांना घेतले गेले. त्याच महाविद्यालयाने २००६ मध्ये ते शहराबाहेर विकायला काढताच लोकांनी ओरड केली, आणि ६ कोटी ८० लाख डॉलर उभे करून चित्र शहरातच ठेवले गेले. १८८९ मध्ये डॉ. ॲग्न्यू यांचे असेच चित्र त्याने काढले. त्यात डॉक्टर पांढऱ्या कपड्यांत आहेत. मधल्या चौदा वर्षांत जंतूंची कल्पना शस्त्रक्रियागृहात शिरली होती. आनंदीबाई शेवटच्या परीक्षेच्या तयारीत होत्या, त्याच हिवाळ्यात एकिन्सला कला अकादमीतली नोकरी सोडावी लागली होती. मुली असलेल्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलचा लंगोट काढला, एवढे कारण पुरले.

समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस १८९६–९७ मध्ये सातव्या वॉर्डात राहिले, घरोघर फिरले आणि कृष्णवर्णीय वस्तीचा जो अभ्यास त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केला, तो नगर-समाजशास्त्राचा पाया मानला जातो. दक्षिण फिलाडेल्फियात जन्मलेल्या मॅरियन अँडरसन (१८९७–१९९३) यांना येथल्या संगीतशाळेने वर्णावरून परत पाठवले. चर्चने वर्गणी काढून त्यांना शिकवले. १९३९ मध्ये वॉशिंग्टनमधले सभागृह नाकारले गेल्यावर लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या ७५,००० श्रोत्यांपुढे गायल्या. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९५२ ते १९५८ या काळात उत्तर भागातल्या ३३व्या रस्त्यावर राहत. भारतीय संगीताचा त्यांच्यावर इतका प्रभाव होता, की मुलाचे नाव त्यांनी रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले.

वास्तुकार लुई कान (१९०१–१९७४) एस्टोनियातून लहानपणी आले आणि जन्मभर फिलाडेल्फियातच राहिले. तरी शहरासाठी त्यांनी काढलेले बहुतेक आराखडे कागदावरच राहिले. मोठे काम मिळाले ते ढाक्याला आणि अहमदाबादला. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेसाठी त्यांना बोलावण्यात पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांचा पुढाकार होता. मुंबईचे अनंत राजे पाच वर्षे कान यांच्या फिलाडेल्फियातल्या कचेरीत होते आणि कान यांच्या पश्चात त्या परिसराचे उरलेले काम त्यांनीच पाहिले. अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचे हृदयविकाराने निधन झाले.

संगणक आणि मुष्टियुद्ध

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी बांधलेला एनिॲक हा सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचा संगणक फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आला. त्याला गणिते करायला लावण्याचे काम सहा तरुणींचे होते. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावणे नव्हते. छायाचित्रातल्या या बायका कोण, असा प्रश्न १९८० च्या दशकात एका विद्यार्थिनीला पडला, तेव्हा कुठे त्यांची कामगिरी उजेडात येऊ लागली.

मुष्टियोद्धा जो फ्रेझर (१९४४–२०११) दक्षिण कॅरोलायनातून आला, येथल्या खाटीकखान्यात राबला, जगज्जेता झाला आणि १९७१ मध्ये महंमद अलीला त्याने हरवले. खाटीकखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारण्याचा त्याचा सराव ‘रॉकी’ या १९७६ च्या चित्रपटाने नायकाला देऊन टाकला. त्या काल्पनिक रॉकीचा पुतळा शहरात १९८० च्या दशकापासून आहे आणि त्याच्यासोबत फोटो काढायला रोज रांग लागते. फ्रेझरचा पुतळा २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी बसवला गेला.